सीमोल्लंघनाची तयारी : प्रौढ वयातील दीर्घ सायकलप्रवास

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेले व्याख्यान)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली, याचा एक साधा अर्थ असा की तिच्या पहिल्या तुकड्यांतील मुले आता निवृत्त झाली आहेत आणि मधल्या तुकड्यांतील मुले चाळीस ते पंचावन्न या वयात येऊन पोहोचली आहेत. या मधल्या पिढीच्या घरी मुलांच्या परीक्षा असतात, आईवडिलांची औषधे असतात, घराचे हप्ते असतात. अलीकडे यांपैकी अनेकांच्या घरी एक सायकलही आली आहे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद या राजधानी परिसरात रविवारी पहाटे इंडिया गेटच्या बाजूला किंवा गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्यावर गेले, तर डोक्यावर शिरस्त्राण आणि मागे लाल दिवा लावून निघालेले प्रौढ सायकलस्वार हमखास दिसतात. त्यांच्यातील काहींच्या मनात दूरच्या प्रवासाचा विचार घोळत असतो. सायकलीने गावी जावे, दिल्लीहून थेट महाराष्ट्रात उतरावे, असे स्वप्न एखाद्याने चहाच्या वेळी बोलून दाखवले की घरचे हसतात, आणि विषय तिथेच संपतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या, बैठे काम करणाऱ्या, प्रकृतीने सर्वसामान्य असलेल्या स्त्रीला किंवा पुरुषाला दिल्लीहून नाशिकपर्यंत सायकलीने जाता येईल काय? येईल. मात्र त्यासाठी सुमारे आठ महिने पुन्हा विद्यार्थी व्हावे लागेल, आणि या अभ्यासक्रमातील सर्वांत अवघड विषय आहे धीर धरणे. विशीत अंगातील जोर चुका झाकून टाकतो. पन्नाशीत त्या चुका गुडघ्यांत, पाठीत आणि प्रसंगी हृदयात उमटतात.

नाशिकचे नाव सहज घेतलेले नाही. त्या शहरातील डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाच्या गटात पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्वेकडील अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरचे हे अंतर तेव्हा संघांना नऊ दिवसांच्या आत कापावे लागे. दोघांच्या संघात एक जण सायकल चालवत असताना दुसरा सोबतच्या गाडीत विसावा घेतो, आणि चाक दिवसरात्र फिरत राहते. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या वेळी थोरल्या भावाने चाळिशी ओलांडलेली होती आणि धाकटा तिच्या उंबरठ्यावर होता. एक भूलतज्ज्ञ, दुसरा दंतवैद्य. दोघांनाही रुग्ण, दवाखाना आणि संसार सांभाळूनच सराव करावा लागला. पुढे २०१७ साली हीच शर्यत एकट्याने पूर्ण करण्याचा मान लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांना भारतीयांमध्ये प्रथम मिळाला, आणि त्याच शर्यतीत नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही एकट्याने शेवट गाठला.

या चौघांचा मार्ग शर्यतीचा होता आणि येथे विचार चालला आहे तो भटकंतीचा. दोहोंत फार अंतर आहे. प्रवासी सायकलस्वाराला कोणाला मागे टाकायचे नसते. त्याला रात्री झोपायचे असते आणि वाटेत चहाही प्यायचा असतो. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे चौघेही वैद्यकीय व्यवसायातील आहेत. शरीर कसे थकते आणि कसे सावरते, याचे ज्ञान असलेल्या माणसांनीही या कामासाठी पद्धतशीर तयारी केली. ज्यांना ते ज्ञान नाही, त्यांनी तर तयारीचा कोणताच टप्पा गाळू नये.

आता शरीराकडे वळू. वयाच्या तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात साधारणपणे तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते. श्रमाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही क्षमता बैठ्या माणसात दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा उतार पुष्कळच मंद असतो. हृदयाचे कमाल ठोकेही वयाबरोबर कमी होतात. २२० मधून वय वजा करण्याचे जे सूत्र सर्वत्र सांगितले जाते, ते केवळ ढोबळ आहे. व्यक्तिगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणून मनगटावरील यंत्रापेक्षा एक जुनी खूण अधिक विश्वासाची मानावी. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर वेग योग्य आहे. वाक्य मध्येच तुटू लागले, तर वेग जास्त आहे. पहिल्या तीन महिन्यांतील जवळजवळ सर्व सराव याच संथ वेगाने व्हावा. या संथ श्रमानेच हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते आणि स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते.

येथेच प्रौढ वयाचा मुख्य धोका दडलेला आहे. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा त्या मानाने फार सावकाश बळकट होतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात अंगात हुरूप येतो, माणूस एकदम अंतर दुप्पट करतो आणि गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे घेऊन घरी बसतो. यावर उपाय म्हणून सायकलस्वारांमध्ये एक जुना दंडक आहे. आठवड्याचे एकूण अंतर मागील आठवड्यापेक्षा साधारण एक दशांशाहून अधिक वाढवू नये, आणि दर चौथ्या आठवड्यात ते एक तृतीयांशाने कमी करावे. या चौथ्या आठवड्याला पुष्कळ जण आळस समजतात. प्रत्यक्षात शरीर दुरुस्तीचे काम विश्रांतीतच करते, आणि वय वाढते तशी या दुरुस्तीला अधिक झोप व अधिक दिवस लागतात.

सराव सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, हृदयाचा आलेख या तपासण्या प्रत्येकाने कराव्यात. घराण्यात हृदयविकार असेल, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, धूम्रपानाची सवय असेल, तर श्रमाखालील हृदयाची चाचणी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. सरावात छातीवर दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, चक्कर आली, ठोके अनियमित वाटले किंवा नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा फार अधिक धाप लागली, तर त्याच जागी थांबावे आणि सरळ रुग्णालय गाठावे. 'पित्त झाले असेल' म्हणून पुढे जाण्याने माणसे दगावली आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. रजोनिवृत्तीच्या काळात हाडांची घनता वेगाने कमी होते. सायकल हृदयाला उत्तम आणि गुडघ्यांना सौम्य असली, तरी तिच्यावर शरीराचा भार सीट उचलते. त्यामुळे हाडांना मिळायला हवा तो ताण मिळत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी जिने चढणे, उठाबशा, वजन उचलणे असे भार पेलणारे व्यायाम करावेत. पुरुषांनीही त्यातून सुटका मानू नये. मांड्या, पोट आणि पाठ बळकट नसेल तर चौथ्या दिवशी कंबर बोलू लागते.

प्रत्येक गावाला सरावाचे आपापले पंचांग असते. पुण्या-नाशिकच्या माणसाला वर्षातले बहुतेक महिने सकाळी सायकल काढता येते. दिल्लीकराला ती मोकळीक नाही. येथे मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांवर जातो, डिसेंबर-जानेवारीत धुके दाटते, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून हवा विषारी होऊ लागते. देशात २०१५ पासून वापरात असलेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात ४०० च्या पुढील आकडा 'गंभीर' गणला जातो, आणि नोव्हेंबरात राजधानीत हा आकडा अनेकदा ओलांडला जातो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. मध्यम श्रमात हेच प्रमाण चाळीस ते साठ लिटरपर्यंत जाते. म्हणजे धुरकट सकाळी सायकल चालवणारा माणूस व्यायामाच्या नावाखाली कित्येक पट विष ओढत असतो. अशा दिवशी सायकल घरात ठेवणे हाच सरावाचा भाग आहे.

दिल्लीच्या या हवामानाशी आपल्या सणांचे पंचांग मात्र चांगले जुळते. पूर्वी पावसाळा संपला, नद्यांचे पूर ओसरले, शेतीची कामे उरकली की विजयादशमीला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या सायकलस्वारालाही हाच मुहूर्त सर्वांत सोयीचा आहे. वाट कोरडी झालेली असते, ऊन सोसवते, आणि शहरावर धुराचे झाकण पूर्णपणे बसण्यापूर्वी तो बाहेर पडतो. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत सुमारे वीस दिवस मिळतात. दिल्ली ते नाशिक अंतर आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे या जुन्या रस्त्याने साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. दिवसाला सरासरी ७८ किलोमीटर धरले तर सोळा दिवसांची वाटचाल आणि तीन दिवसांचा विसावा, असे एकोणीस दिवस होतात. दसऱ्याला दिल्ली सोडणारा माणूस दिवाळीच्या फराळाला नाशकात पोहोचू शकतो.

आता दसऱ्यापासून मागे मोजत यावे. वसंत पंचमीला सुरुवात करावी. तेव्हापासून गुढीपाडव्यापर्यंत आठवड्यातून चार दिवस सायकल चालवावी आणि आठवड्याचे अंतर ४० किलोमीटरपासून सावकाश ७०-८० पर्यंत न्यावे. याच काळात सायकल अंगाला बसवून घ्यावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीटची उंची ठेवावी. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते आणि फार वर असेल तर मागची. हाताला मुंग्या येत असतील तर हँडल बहुधा फार लांब किंवा फार खाली आहे. जड गिअरवर मांड्यांचा जोर लावत राहण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे मारणे गुडघ्यांना मानवते. लहानपणी विनागिअरच्या काळ्या सायकलीवर घाट चढलेल्या पिढीला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

पाडव्यापासून आषाढी एकादशीपर्यंत उन्हाळ्याशी गाठ असते. पहाटे पाचला निघून साडेसातच्या आत घरी परतावे. या तीन महिन्यांत अंतर फार वाढवण्याचा हट्ट धरू नये. स्नायूंचे बळ, पाणी पिण्याची शिस्त आणि दुरुस्तीचे शिक्षण यांवर भर द्यावा. उन्हात तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो आणि घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून डोके दुखणे, मळमळ, भ्रम अशी लक्षणे दिसतात, आणि हा प्रकार जिवावर बेतू शकतो. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा क्षारसंजीवनी जवळ ठेवावी. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. याच काळात घराच्या सावलीत बसून पंक्चर काढणे, ट्यूब बदलणे, उतरलेली चेन चढवणे, तुटलेली चेन जोडणे आणि ब्रेकची तार ताणणे हे पाच धडे इतके गिरवावेत की काळोखातही हात चुकू नयेत. ग्वाल्हेरच्या पुढे निर्जन पट्ट्यात कारागीर सापडेलच असे नाही.

आषाढीपासून गणेशोत्सवापर्यंतचा काळ दिल्लीकराला मिळालेली देणगीच आहे. पावसाने हवा धुतली जाते आणि वर्षातील सर्वांत स्वच्छ सकाळी याच महिन्यांत मिळतात. रविवारची लांब फेरी ५० वरून ८० आणि पुढे १०० किलोमीटरपर्यंत या काळात वाढवावी. मात्र वीज कडाडत असेल तर निघू नये, आणि तुंबलेल्या पाण्यातून सायकल घालू नये. पाण्याखाली उघडे गटार आहे की खड्डा, हे कळत नाही. राजधानी परिसर सपाट असल्यामुळे चढाचा सराव मुद्दाम शोधावा लागतो. दक्षिणेकडील अरवलीचे उंचवटे, गुरुग्राम–फरिदाबाद रस्ता, सोहन्याकडील टेकड्या यांवर एकच चढ आठ-दहा वेळा चढून घाटाची तहान भागवावी लागते. ज्यांना स्वतःची रीतसर परीक्षा घ्यावीशी वाटते, त्यांनी ब्रेव्हेचा विचार करावा. फ्रान्समधून आलेल्या या प्रकारात कोणाचा क्रमांक लागत नाही. २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे, एवढीच अट असते. दिल्लीतही असे उपक्रम होतात.

गणेशोत्सवापासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत सरावाचा कळस. एका दिवसात शंभर किलोमीटर जाणे ही एक गोष्ट आणि आज ऐंशी, उद्या ऐंशी, परवा पुन्हा ऐंशी ही अगदी वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना जे दुखते, ते कोणत्याही पुस्तकात वाचून कळत नाही. म्हणून जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या कराव्यात, आणि त्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत प्रवासाचे बारा-पंधरा किलो सामान भरूनच कराव्यात. भरलेली सायकल वळणावर वेगळी वागते आणि उतारावर थांबायला अधिक अंतर घेते. जेवणखाणही याच काळात पारखून घ्यावे. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जाणे आवश्यक असते. त्यासाठी परदेशी पुड्याच हव्यात असे नाही. केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे, दशम्या, राजगिऱ्याच्या वड्या हे सारे उत्तम चालते. नवी वस्तू प्रवासात प्रथमच खाऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

नवरात्रात सराव निम्म्यावर आणावा. या नऊ दिवसांत नवे बळ मिळत नाही, मिळालेले मुरते. ज्यांचे उपवास असतात, त्यांना तर हा उतार सोयीचाच पडतो.

वाटेविषयी थोडे सांगायला हवे, कारण वाट माहीत असली की सरावाचा अर्थ कळतो. दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलीला प्रवेश नाही. सायकलस्वारासाठी जुना आग्रा रोडच खरा. मथुरा-आग्र्यापर्यंत सपाटी आणि गर्दी. धौलपूरनंतर चंबळ ओलांडली की दोन्ही बाजूंना मातीच्या घळया सुरू होतात. ग्वाल्हेर शिंद्यांचे, तिथे पहिला विसावा. पुढे शिवपुरी, गुना, ब्यावरा असा माळव्याच्या पठाराकडे चढत जाणारा लांब रस्ता. देवास पवारांचे, इंदूर होळकरांचे. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभेसारखी संस्था मराठी जागती ठेवून आहे. दुसरा विसावा तिथे घ्यावा. मग विंध्य उतरून नर्मदेच्या खोऱ्यात यायचे आणि रस्त्यापासून थोडे बाजूला असलेल्या महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर तिसऱ्या दिवसाची उसंत घ्यायची. खलघाटच्या पुलावरून नर्मदा पार केल्यावर सेंधव्याकडे चढ लागतो, आणि बिजासनचा घाट उतरला की महाराष्ट्र. तापी, धुळे, मालेगाव, राहुडचा घाट, चांदवड आणि शेवटी गोदाकाठ.

यमुनेपासून गोदावरीपर्यंतच्या या वाटेवर भल्यामोठ्या उंचीची शिखरे नाहीत. परीक्षा आहे ती सातत्याची आणि उतारांची. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून, थांबत थांबत लावावा लागतो. अरवलीच्या छोट्या टेकड्यांवर कंटाळवाणा वाटणारा सराव बिजासनच्या वळणांवर उपयोगी पडतो.

सर्वांत मोठा धोका मात्र शरीराचा नाही, रस्त्याचा आहे. राजधानी परिसरात पहाटे सरावाला निघालेले सायकलस्वार भरधाव मोटारींच्या धडकेने मृत्युमुखी पडल्याच्या घटना घडल्या आहेत. पहाटेचा मोकळा रस्ता सायकलीला मोकळा वाटतो, तसाच तो रात्रभर जागलेल्या चालकालाही मोकळा वाटतो. पुढे पांढरा व मागे लाल दिवा, उजळ रंगाचे परावर्तक जाकीट, शिरस्त्राण, हँडलला छोटा आरसा, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम या गोष्टींत तडजोड करू नये. दोन-तीन सोबती असावेत. घरच्यांना रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी निरोप जावा.

घरच्यांचा विषय निघाला म्हणून एक बाजू स्पष्ट मांडायला हवी. आठ महिने आठवड्याचे आठ-दहा तास हे एकट्याच्या खात्यातून जात नाहीत. रविवारी सकाळी एक जण दमदम्याच्या रस्त्यावर असतो, तेव्हा दुसरे कोणी तरी घरी दूध घेते, आजीला औषध देते, मुलाची शिकवणी सांभाळते. पती किंवा पत्नी यांच्याशी हा हिशेब सरावाच्या आरंभीच बोलून घ्यावा आणि त्याची परतफेडही ठरवावी. महाजन बंधूंच्या शर्यतीतही एक जण चाकावर असताना दुसरा गाडीत होता, आणि गाडी चालवणारे, अन्न देणारे, वाट दाखवणारे सोबती वेगळेच होते. लांबचा प्रवास एकट्याचा दिसला, तरी त्यामागे असे अनेक हात असतात.

याच राजधानी परिसरातून निघालेला एक सायकलप्रवास सर्व देशाला ठाऊक आहे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, पंधरा वर्षांच्या एका मुलीने अपघातात जखमी झालेल्या वडिलांना मागे कॅरिअरवर बसवून गुरुग्रामपासून बिहारमधील दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर सायकल चालवली. दिल्ली–नाशिकपेक्षा हे अंतर फारसे कमी नाही. तिला वसंत पंचमीपासून सराव करायला मिळाला नव्हता. गिअर, शिरस्त्राण, हृदयाचा आलेख यांपैकी काहीच नव्हते. घरभाडे आणि अन्न संपल्यामुळे ती निघाली. तिचे कौतुक पुष्कळ झाले; परंतु तिच्यावर ही वेळ का आली, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला. आजही पहाटे त्याच रस्त्यांवर कारखान्यांकडे जाणारे हजारो कामगार डबा हँडलला अडकवून जुन्या सायकली रेटत असतात. छंद म्हणून सायकल चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की ज्या रस्त्यावर तो आठवड्यातून चार दिवस येतो, त्या रस्त्यावर ही माणसे रोज असतात. मागच्या लाल दिव्याची किंमत फार नसते. सरावाच्या वाटेवर भेटणाऱ्या दोन-चार कामगारांच्या सायकलींना असा दिवा लावून देणे आणि सायकलीसाठी वेगळी, सुरक्षित वाट मिळावी म्हणून नगरपालिकेकडे पाठपुरावा करणे, हा या अभ्यासक्रमाचा एक भाग मानला जावा.

शेवटी परत फिरण्याविषयी. सर्व तयारी झाली, सामान बांधले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताप आला तर काय करावे? थांबावे. शिवपुरीत गुडघा सुजला तर? आगगाडीच्या सामानाच्या डब्यात सायकल टाकून घरी यावे. पुढच्या वर्षीही दसरा येणारच आहे. तरुणपणी थांबणे म्हणजे हार वाटते. प्रौढ माणसाला मात्र थांबण्याची जागा ओळखता आली पाहिजे. आठ महिन्यांच्या सरावात हे शिकता आले आणि प्रवास घडलाच नाही, तरी उतरलेला रक्तदाब, गाढ झोप आणि दुरुस्तीला सरावलेले हात एवढी कमाई पदरात राहतेच.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हा विचार पटेल, त्यांनी येत्या वसंत पंचमीला शाळेच्या फाटकाशी जमून पाच किलोमीटरची पहिली फेरी काढावी. पालकांनी मुलांनाही सोबत आणावे. आईवडील चाळिशी-पन्नाशीत काही तरी नव्याने, पहिल्या इयत्तेपासून शिकत आहेत, हे मुलांनी डोळ्यांनी पाहणे चांगले. हीरक महोत्सवाच्या वर्षात दहा जणांनी एवढे केले तरी पुरे.